तीन खाचांची पाचर

माझ्या साडूला मी सोळा वर्षं पाण्यात पाहिलं. हे आता मी सरळ लिहून टाकतो, कारण लाज वाटण्याचं वय मागे पडलं आहे. तो माझ्याहून सरस सुतार होता हेही मला आता पटलेलं आहे. पण त्या सोळा वर्षांत कोणी हे माझ्या तोंडावर सांगितलं असतं, तर हातातला वाकस मी त्याच्या दिशेने भिरकावला असता. वाकस म्हणजे लाकूड तासायचं आमचं हत्यार, आणि रागात तेच आधी हाताशी लागतं.

मी खालापूरचा. कचेरीच्या मागच्या बाजूला आमचं छप्पर होतं. तिथे गाड्यांची चाकं, नांगर, कुळव, दाराच्या चौकटी असं सगळं चाले. मराठी चौथीपर्यंत शाळा झाली होती, म्हणून हे चार शब्द लिहिता येतात. सासरे कळंबचे. त्यांना मुलगा नव्हता, दोन मुलीच. थोरली माझ्या घरात आली आणि धाकटी कर्जतच्या अलीकडच्या एका खेड्यातल्या सुताराला दिली. तो सुतार म्हणजे माझा साडू. माझी बायको थोरली म्हणून तो मला दादा म्हणे. ते दादाही मला टोचे, कारण तो अगदी मनापासून म्हणायचा.

सासऱ्यांची एक शिसवी पेटी होती. त्यांच्या आजोबांपासूनची हत्यारं तिच्यात होती: वाकस, पटाश्या, रंधे, काटकोन तपासायचा पितळी पट्टीचा गुण्या. खंडेनवमीला आम्ही दोघे जावई कळंबला जायचो आणि त्या पेटीची पूजा व्हायची. पेटी ज्याच्या घरी जाईल तो आमच्या साऱ्या पट्ट्यात मिस्त्री म्हणून मिरवणार, हे कोणी बोलून दाखवत नसे, पण कळंबपासून शिळफाट्यापर्यंत प्रत्येक सुताराला ते ठाऊक होतं. मला ती पेटी हवी होती. जेवताना हवी होती, काम करताना हवी होती, देवळात हात जोडतानाही तीच मनात असे.

साडू डावखुरा होता. आमच्याकडे नव्या चाकाला पहिला घाव डाव्या हाताचा चालत नसे. गाडी घेणारा शेतकरी तो घाव बघायला मुद्दाम येऊन बसायचा. त्यामुळे साडूला धड काम मिळेना, म्हणून तो मुंबईला सरकारी गोदीत लागला. जर्मनीची लढाई तेव्हा चालू होती आणि गोदीला माणसं हवी होती. तिथे कोण कुठल्या हाताने ठोकतो याच्याशी कोणाला देणंघेणं नव्हतं. तो गेला तेव्हा मला हायसं वाटलं. म्हटलं, बरं झालं, पेटीच्या वाटेतला एक धोंडा आपण होऊन बाजूला झाला.

पुढच्याच खंडेनवमीला तो धोंडा अंगात बंद गळ्याचा कोट घालून कळंबला आला.

कोट मी एक वेळ सोसला असता. पण तो बोलायला लागला आणि सासरे त्याच्या तोंडाकडे बघत बसले. सरकार गोदी वाढवतंय म्हणाला. लढाईच्या बोटी नुसत्या दुरुस्त करायच्या नाहीत, इथेच बांधायच्या. त्यासाठी समुद्रात उतरत जाणारा दगडी उतार बांधलाय, त्यावर ठोकळ्यांच्या रांगा लावायच्या आणि त्या ठोकळ्यांवर बोट उभी करायची. ओझी उचलायला वाफेवर चालणारी यारी आहे, ती हत्तीएवढा लोखंडी पत्रा उचलते. मग त्याने पाणबुडीची गोष्ट काढली. पाण्याखालून चालणारी बोट असते म्हणे, आत माणसं बसलेली असतात.

"पाण्याखाली गेली म्हंजी बुडालीच की ती," मी म्हणालो.

कोणी हसलं नाही. सासऱ्यांनी विचारलं, "मंग ती वर कशी येती रं?" आणि साडूने जमिनीवर काडीने चित्र काढून त्यांना समजावलं. सासरे उकिडवे बसून ऐकत होते. माझ्या लग्नाला दहा वर्षं झाली होती, पण माझं बोलणं ऐकायला ते असे कधी बसले नव्हते. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी उठून उगाच बैलांना पाणी दाखवायला गेलो, ते नुकतेच पाणी पिऊन आलेले होते तरी.

परत येताना गाडीत बायकोचंही तेच सुरू. "तिच्याकडं नळ हाय म्हनं. चाळीत. पिळला की पानी."

"आनि तुज्याकडं विहीर हाय. वढली की पानी."

"वढायला लागतं ना पर!" ती म्हणाली आणि हसली. ती मला चिडवत होती, पण खरंही बोलत होती. 

पुढच्या पावसाळ्याआधी गोदीला पाचरी हव्यात असा निरोप साडूकडून आला. बोट ज्या ठोकळ्यांवर उभी राहते, त्यांच्या आणि बोटीच्या मध्ये पाचरींच्या जोड्या असतात. समोरासमोरून ठोकलेल्या दोन पाचरी. बोटीचा सगळा भार त्यांच्यावर. गोदीत लाकूड आणि कारागीर दोन्ही कमी पडत होते, म्हणून बऱ्याच गावांतल्या सुतारांना काम वाटून दिलं होतं. सासऱ्यांनी आमच्या वाट्याचं काम घेतलं. निम्मं त्यांनी कळंबला करायचं, निम्मं मी. आणि त्याच वेळी, बैलगाडीला हात टेकून, सासरे मला म्हणाले, "जावईबापू, आता माजे हात थरथरत्यात. गोदीत ज्याचं काम नावाजलं जाईल, पेटी त्याची. मंग तुमी असा, न्हाय तर त्यो."

ते वाक्य मी घरी येईपर्यंत मनात घोळवलं. साडू गोदीत नुसता ठोकळे उचलायच्या टोळीत होता. काम नावाजायचं तर ते माझं. खूश होऊन मी डोंगरातल्या ठाकरवाडीच्या माणसाला सांगून जुना खैर उतरवला. तसं लाकूड मी आधी पाहिलं नव्हतं. आतून रक्तासारखं लाल आणि दगडासारखं जड.

मग एके दिवशी साडू स्वतः खालापूरला आला. खोपोलीच्या गाडीने उतरून चालत आला होता, पायांवर धूळ. पाटावर बसून चहा घेता घेता तो म्हणाला, "दादा, येक सांगू का? पाचरीचं तोंड रंध्यानं गुळगुळीत करा. आनि तेलात बुडवून ठेवा, म्हंजी ती पानी पिनार नाय. तिथं दमट हवा लई."

मला पाचर शिकवणारा हा कोण? मला तेव्हा कामाला वीस वर्षं झाली होती. पाचर म्हणजे काय हे मला झोपेतून उठवून विचारावं. आमच्याकडे नांगराच्या खोडात इसाड, म्हणजे जुवापर्यंत जाणारा लांब दांडा, बसवतात, ते पाचरीने घट्ट करतात. ती पाचर भर पेरणीत निघाली, तर शेतकरी बैल तिथेच सोडून सुताराच्या दारात येतो आणि त्याच्या सात पिढ्या काढतो. म्हणून आमची पाचर कधीच निघता कामा नये. त्यासाठी लाकूड उन्हात हाडासारखं वाळवायचं. तोंडावर वाकसाने आडवे घाव घालून ते खरबरीत करायचं, म्हणजे ते पकड धरतं. ठोकल्यावर वरून पाणी ओतायचं. वाळकं लाकूड पाणी पितं, फुगतं आणि मग ती पाचर नांगर मोडला तरी निघत नाही. माझ्या वडिलांनी ठोकलेल्या पाचरी त्यांच्या मागे कितीतरी वर्षं तशाच होत्या. आणि हा सांगतो गुळगुळीत करा, तेल लावा! गुळगुळीत पाचर माझ्या बापाने बघितली असती, तर फेकून दिली असती.

"बरं," एवढंच मी म्हणालो.

तो गेल्यावर बायको म्हणाली, "ऐका की त्याचं. तिथं राहतोय त्यो."

"तिथं राहतोय म्हनून सुतार झाला व्हय? डाव्या हाताचं गाबाळ!" मी असं म्हणालो हे मला आजही आठवतं, कारण ती त्यानंतर दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

मी पाचरी माझ्या पद्धतीने केल्या. पूर्वी कधी केल्या नव्हत्या इतक्या जिवापाड केल्या. लाकूड पत्र्यासारखं तापेपर्यंत उन्हात ठेवलं. तोंडावर घाव इतके सारखे घातले, की हात फिरवला तर कातडी सोलावी. प्रत्येक पाचरीच्या डोक्यावर मी माझी खूण केली, तीन खाचा. आमच्या घराण्याची तीच खूण. पोती खोपोलीला गाडीत चढवली तेव्हा मला पेटी डोळ्यांसमोर दिसत होती, तिच्या कडीसकट.

बोट पाण्यात सोडायचा दिवस ठरला, तेव्हा साडूने सासऱ्यांना आणि मला मुंबईला नेलं. गोदीच्या दारात ओळख सांगून त्याने आम्हाला आत घेतलं आणि दगडी उताराच्या बाजूला एका कट्ट्यावर बसवलं. बोट लहानशीच होती, गस्तीची, पण मी ती बघून आधी उठून उभाच राहिलो. आमच्या देवळाच्या कळसाएवढी उंच, करडी आणि खाली निमुळती. ती सगळी उभी होती ठोकळ्यांवर, आणि ठोकळ्यांवर आमच्या पाचरी. तेवढ्यात साडूने कोट काढून ठेवला, घण उचलला आणि आणखी आठ-दहा जणांबरोबर तो चक्क बोटीच्या पोटाखाली गेला.

"ह्ये काय करत्यात?" मी शेजारच्या एका गोदीवाल्याला विचारलं.

"पाचरी काढनार. भार सगळा खालच्या घसरपट्टीवर यायला पायजे ना. एका टायमाला, दोन्ही बाजूंनी."

काढणार?  आतापर्यंत मी एकदाही विचार केला नव्हता की या पाचरी काढायच्या असतात. साडूने गुळगुळीत म्हटलं, तेल म्हटलं, पण का ते मी विचारलं नव्हतं. विचारायचं म्हणजे त्याला काहीतरी येतं हे कबूल करायचं. आता माझ्या पाचरी समुद्राची हवा पिऊन फुगून बसल्या असणार. एका बाजूच्या सुटतील, माझ्या बाजूच्या सुटणार नाहीत, बोट कलंडेल आणि खाली माणसं आहेत. खाली साडू आहे. मी ओरडायला तोंड उघडलं. पण ओरडायचं तर माझी चूक सगळ्यांना कळणार, सासऱ्यांना कळणार, पेटी जाणार. खरं लिहायचं ठरवलं आहे म्हणून लिहितो: मी तोंड मिटलं.

शिट्टी झाली. घणांचे आवाज एका लयीत सुरू झाले. एकेक पाचर बाहेर उडत होती, सहज. शेवटची निघाली आणि माणसं दोन्ही बाजूंनी बाहेर पळाली. बोट जरा थरथरली, मग हळूहळू घसरत पाण्यात गेली. लोक ओरडले. सासऱ्यांनी दोन्ही हात जोडले. मी पंच्याने तोंड पुसलं.

मग गोदीचा मुकादम हातात दोन पाचरी घेऊन वर आला. "ह्या तीन खाचांवाल्या कोनाच्या? येका घावात सुटल्या. लाकूड पन येक नंबर."

"माज्या खालापूरच्या जावयाच्या," सासरे म्हणाले.  "थोरल्या."

मुकादमाने पाचर माझ्या हातात दिली. डोक्यावर माझ्या तीन खाचा होत्या. खालचं तोंड आरशासारखं गुळगुळीत होतं, तेलाने काळपट. मी अंगठा फिरवला. माझे घाव कुठेच नव्हते. त्या जागी दुसऱ्याच हाताने तासल्याची रेघ, आमच्या भाषेत तास, होती, आणि ती उलट्या बाजूने आलेली होती, डावीकडून उजवीकडे उतरत गेलेली. आमच्या साऱ्या नात्यागोत्यात असा एकच हात होता.

मी मान वर करून साडूकडे बघितलं. तो खाली वाकून सुटलेल्या पाचरी पोत्यात भरत होता. त्याने वर पाहिलं नाही. बोलायची हीच वेळ होती. सासरे शेजारी उभे होते. दोन शब्दांचं काम होतं. मी पाचर मुकादमाला परत दिली आणि म्हणालो, "खैर जुना व्हता."

त्या खंडेनवमीला पेटी माझ्या घरी आली.

लोक मला मिस्त्री म्हणू लागले. कर्जतहून माणसं चाकं करून घ्यायला यायची. बायको पेटीवर हळदकुंकू वाहायची आणि माझ्याकडे अभिमानाने बघायची. मला मात्र पेटी उघडली की साडूच दिसायचा. आधी मी त्याच्या कोटावर जळत होतो, नळावर जळत होतो. आता मी त्याच्या गप्प बसण्यावर जळू लागलो. इतकं मोठं मन त्याने आणलं कुठून? मला उपकाराखाली ठेवायला तो गप्प बसला, अशी मी स्वतःची समजूत घातली. लग्नाकार्यात तो भेटला आणि हसला, की मला वाटे, हा आतून म्हणतोय, ठाऊक आहे मला. त्याने "दादा, बरं हाय ना?" विचारलं तरी मला त्यात टोमणा ऐकू यायचा. सासरे वारले तेव्हा त्यांच्या दहाव्याला तो माझ्या शेजारी बसून रडला आणि मी मनात म्हणालो, आता तरी सांगशील सगळ्यांना. त्याने काही सांगितलं नाही.

अशी वर्षं गेली. माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरू लागला. मुलगा शाळामास्तर झाला, त्याला हत्यारांचं काही नव्हतं. साडू गोदी सोडून गावी परत आला होता. एक दिवस मी पेटी गाडीत घातली आणि त्याच्याकडे निघालो. बायकोला म्हटलं, धार लावून आणतो. ओझं उतरवायचं होतं, पण त्यात माझा एक स्वार्थही होता. पेटी दिली, की तो एकदाचा बोलेल. इतकी वर्षं पोटात ठेवलेलं बाहेर काढेल, मला चार शब्द ऐकवेल आणि मग आमची फिटंफाट होईल.

तो ओटीवर नातवासाठी पाळणा करत बसला होता. मी पेटी त्याच्यापुढे ठेवली आणि म्हणालो, "ही तुझी हाय. पयल्यापासनं तुझीच व्हती."

त्याने झाकण उघडलं. सासऱ्यांचा वाकस डाव्या हातात घेतला, एकदा हवेत तोलला आणि परत ठेवला.

"दादा, ह्यो उजव्या हाताचा हाय. दांडा बगा ना, कसा बाक दिलाय. पटाश्यांच्या मुठी पन तशाच झिजल्यात. मला काय उपेग ह्यांचा?"

"पेटीचा तुला उपेग नाय, ह्ये तवापासनं ठाऊक व्हतं तुला?"

"म्हंजी काय? सासरेमामांच्या हाताखाली शिकलो ना मी. ह्यातलं येक बी हत्यार माज्या हाताला बसलं नाय कदी. म्हनून तर शिव्या खायाचो." तो हसला.

 इतकी वर्षं ज्या पेटीसाठी मी त्याचा दुस्वास केला, ती त्याने कधी मागितलीच नसती. तरी मी नेट धरून विचारलं, "मंग त्या पाचरी? तीन खाचांच्या. गस्तीच्या बोटीच्या. तूच तासल्यास ना?"

त्याने कपाळाला आठ्या घातल्या. खरंच आठवायचा प्रयत्न करत होता, मला दिसत होतं. "कुठल्या वो? त्या वेळी गावागावांतनं आल्या व्हत्या. समद्याच खरबरीत. गावचा सुतार तशीच करनार की, त्याला काय म्हाईत काढायची असती त्ये. आमी चौघं-पाचजन बसून तासत व्हतो, रोज. खाली मानसं जानार व्हती ना, मी सोता जानार व्हतो." मग तो थांबला. "त्यात तुमच्या व्हत्या व्हय?"

 माझी चूकसुद्धा माझ्या एकट्याची नव्हती. माझ्यावर उपकार करण्यासाठी तो गप्प बसला नव्हता. सांगण्यासारखं काही घडलं, असं त्याला वाटलंच नव्हतं. सोळा वर्षं मी रोज त्याच्याशी झुंजलो आणि त्याच्या ते गावीही नव्हतं. त्याने मला हरवलं असतं तर बरं झालं असतं. हरलो म्हणायला समोर निदान कोणीतरी असतं.

"दादा, जरा ह्यो खूर धरा," तो म्हणाला. पाळण्याचा पाय त्याने माझ्यापुढे केला आणि स्वतःचा वाकस उचलला, डाव्या हाताचा.

मी दोन्ही हातांनी तो घट्ट धरून बसलो. तो तासत होता, डावीकडून उजवीकडे, आणि ढलप्या माझ्या गुडघ्यांवर पडत होत्या. तास अगदी सारखी येत होती, कुठे खाच नाही, कुठे थांबा नाही. काम माझ्यापेक्षा चांगलं होतं, आणि मला अजूनही ते बघवत नव्हतं.